आईची गोळी आणि माझा प्रबंध

पीएच.डी. झाली, नावाआधी डॉक्टर लागलं, आणि पंधरा दिवसांच्या आत माझ्याकडे पहिला पेशंट आला. ती म्हैस होती.

दोष आईचा होता. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावात ती घरोघर पेढे वाटत होती आणि लोक साहजिकच विचारत होते, पोरगी कशाची डॉक्टर झाली? प्रबंधाचं नाव मी तिला मराठीत करून दिलं होतं, ‘सस्तन प्राण्यांच्या पेशीचक्रातील जनुकांच्या प्रतिलेखनाचे नियमन’. त्यातले पहिले दोन शब्द आईने घेतले आणि बाकीचे जड म्हणून सोडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या आळीतले एक काका म्हशीचा कासरा धरून दारात उभे.

“आचळ सुजलंय,” ते म्हणाले. “सस्तनच हाय.”

मला म्हशीतलं काही कळत नाही, मी पेशींवर काम केलं, तेही उंदराच्या, असं मी त्यांना सांगितलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हशीकडे पाहिलं. “पाच वर्सं?” एवढंच म्हणाले आणि तिला वळवून घेऊन गेले. आई त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, असं तिचं म्हणणं पडलं.

काकांचा प्रश्न चुकीचा नव्हता. पाच वर्षं मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदराच्या पेशी बशीत वाढवत होते. पेशी एकाची दोन होते तेव्हा तिच्यातली कुठली जनुकं कधी चालू होतात आणि कधी बंद, हे मला पाहायचं होतं. जनुक चालू झालं म्हणजे त्यातल्या मजकुराची नक्कल उतरायला लागते. तिलाच पुस्तकात प्रतिलेखन म्हणतात. पण बशीतल्या लाखो पेशी आपापल्या लहरीने वाढत असतात, एक पुढे तर एक मागे. त्यांना एका रेषेत आणायचं तर आधी दोन दिवस उपाशी ठेवायचं, मग एकदम खायला घालायचं आणि दर दोन तासांनी एकेक बशी काढून आत काय चाललंय ते मोजायचं. एकदा सुट्टीत हे मी घरी सांगितलं तर आईच्या हातातला घास हातातच राहिला. “दोन दिस उपाशी? येवढ्याशा जिवाला?” मी निघाले तेव्हा तिने दोन डबे लाडू दिले. त्यातला एक पेशींसाठी आहे की काय, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढे नगरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. लग्न झालं, केडगावात घर घेतलं. प्रबंधाच्या चार काळ्या प्रतींपैकी एक गावी आईकडे होती. फ्रिज हलायचा म्हणून तिने ती त्याच्या एका पायाखाली घातली होती. जाडी बरोबर बसली होती, त्यामुळे मीही काही बोलले नाही.

मग आईची कंबर दुखायला लागली. आमची लिंबाची बाग आहे. दिवसभर वाकून लिंबं गोळा करायची म्हटल्यावर कंबर दुखणारच, असं तीही म्हणाली आणि आम्हीही म्हणालो. काखेत गाठ आहे हे ती चार महिने बोलली नव्हती. का नाही बोललीस विचारलं तर म्हणाली, “ती कुटं दुखत हुती?”

तपासण्या झाल्या. गाठ छातीतल्या कॅन्सरची होती आणि तो थोडा हाडांपर्यंत गेला होता. नगरच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असतील. त्यांनी आईला खुर्ची जवळ ओढायला सांगितली आणि लपवाछपवी न करता बोलल्या. हे मुळापासून जाणार नाही, पण पुष्कळ काळ थांबवून ठेवता येईल. एक हार्मोनची गोळी रोज. दुसरी गोळी एकवीस दिवस रोज एक, मग सात दिवस बंद, मग परत एकवीस दिवस.

“ही दुसरी गोळी सीडीके चार आणि सहा यांना थांबवते,” त्या म्हणाल्या.

मी तोपर्यंत आईचा हात धरून, मान खाली घालून, डोळे पुसत बसले होते. ती नावं ऐकली आणि माझी मान आपोआप वर आली.

“आरबी शाबूत आहे का, ते बघितलंत?” मी विचारलं.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “ते नेहमी बघत नाहीत. या प्रकारात बहुधा असतं शाबूत. तुम्ही डॉक्टर आहात?”

“हो,” मी म्हणाले. मग म्हणाले, “नाही.”

“सस्तन प्राण्यांची हाय,” आईने खुलासा केला.

नंतरची दहा मिनिटं मी काय केलं हे आठवलं की अजून लाज वाटते. ई-टू-एफबद्दल बोलले, सायक्लिन डी-बद्दल बोलले, माझ्या तिसऱ्या प्रकरणातल्या आकृतीबद्दल बोलले. बाहेर वीस माणसं ताटकळत होती. शेवटी आईने माझा दंड धरून खाली दाबला. “तिला बोलू दी की. औशद ती देनार हाय का तू?”

घरी आल्यावर नवऱ्याने चहा टाकला. आई जेवणाच्या टेबलाशी गोळ्यांचा डबा समोर ठेवून बसली होती.

“आता सांग,” ती म्हणाली. “ह्या गोळीनं नेमकं काय हुतं?”

“आई, आपल्या शरीरात पेशी असतात—”

“पेशी म्हाईत हायती. पुढं.”

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरच्या माणसाला माझा विषय ऐकायचा होता. मी चौदा वर्षं कॉलेजात तो शिकवत आले, पण इथे फळा नव्हता. मी म्हणाले, एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आतला सगळा डीएनए आधी दुप्पट करावा लागतो. त्याला सामान लागतं. ते सामान बनवणारी जनुकं एरवी बंद असतात. ई-टू-एफ नावाचं एक प्रथिन त्यांना चालू करतं. पण त्याला आरबी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाने धरून ठेवलेलं असतं.

“म्हंजे आरबी सोडत न्हाई तवर काय हुत न्हाई.”

“हो. वाढायचा निरोप आला की सायक्लिन तयार होतं. ते सीडीकेला जाऊन मिळतं. मग ते दोघं आरबीवर फॉस्फेट चिकटवत बसतात. पुरेसं चिकटलं की त्याची पकड सुटते, ई-टू-एफ मोकळं होतं आणि जनुकं चालू होतात. एकदा ती चालू झाली की पेशीला माघार नाही.”

“आन् गोळी?”

“गोळी सीडीकेला जाऊन बसते. ते फॉस्फेट चिकटवू शकत नाही.”

“मंग आरबी धरून बसतो.” आईने डबा जवळ ओढला. “मानूस चांगला हाय.”

नवरा चहाचे कप घेऊन तिथेच उभा होता. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. “तू हे करायचीस पुण्यात?” त्याने विचारलं.

आईचं समाधान झालं नव्हतं. “माज्या गाठीत ह्यो आरबी हाय म्हनती ना तू? मंग त्यो असताना गाठ झालीच कशी?”

हा प्रश्न माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारला होता. मी सांगितलं, की तुझ्या गाठीत वाढायचा निरोप थांबतच नाही, हार्मोनकडून तो येतच राहतो, त्यामुळे आरबीची पकड सारखी सुटते.

“म्हनून ती दुसरी हार्मोनची गोळी.”

“हो.”

“आन् तू ही गोळी कुनाला देऊन बघितली हुती का?”

मी बघितली होती. पिवळसर भुकटी एका इवल्या बाटलीत यायची. ती विरघळवून मी बशीत टाकायचे आणि जनुकं खरंच गप्प होतात का ते पाहायचे. प्रबंधात त्यावर दीड पान आहे. तेव्हा ती मला एक रसायन म्हणूनच माहीत होती, ती कुणाच्या तरी आईच्या हातात पडेल असा विचार मनात आला नव्हता. हे मी आईला सांगितलं.

आईने शांतपणे बशीत चहा ओतला. “म्हंजे आदी उंदराला, मंग मला.”

“उंदीर नव्हते गं. पेशी होत्या.”

“त्यांला काय झालं?”

“थांबल्या.”

“मेल्या?”

“नाही. नुसत्या थांबल्या. औषध धुवून काढलं की परत चालू झाल्या.”

“मंग ध्वायचंच कशाला?” आई म्हणाली. सात दिवसांच्या सुट्टीचं कारण मला तिथेच सांगावं लागलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ज्या पेशींपासून होतात त्यांनाही वाढायला हेच सीडीके लागतं. त्याही थांबतात आणि पांढऱ्या पेशी कमी पडतात. सात दिवस गोळी बंद ठेवली की त्या पुन्हा कामाला लागतात. म्हणून दर वेळी आधी रक्त तपासायचं. आईने मान हलवली आणि पहिली गोळी घेतली.

तिसऱ्या दिवशी गावाहून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. तो चिडलेला होता. “आईला लिंबू बंद केलंय का तुमी?”

आम्ही काहीच बंद केलं नव्हतं. झालं होतं असं, की डॉक्टरीणबाईंनी निघताना ‘ग्रेपफ्रूट खाऊ नका’ असं बजावलं होतं. आईने त्याचा अर्थ द्राक्षं असा घेतला आणि द्राक्षं सोडली. दुसऱ्या दिवशी ती द्राक्षं नव्हेत, पपनसासारखं लिंबाच्या जातीतलं फळ असतं, असं मी सहज बोलून गेले. त्यावर तिने लिंबू, मोसंबी, संत्रं, लोणचं आणि खबरदारी म्हणून चिंचही सोडली होती. ज्या बाईच्या दारात लिंबाची तीनशे झाडं, तिच्या वरणात लिंबू नाही, ही बातमी गावात पोचली होती आणि आमच्या बागेतली लिंबं कॅन्सरला वाईट असतात अशी चर्चा सुरू झाली होती. मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. लिंबू चालेल, पपनस नको, असं त्यांनी सांगितलं. भावाने ते कागदावर, डॉक्टरीणबाईंच्या सही-शिक्क्यासह मागितलं. माझ्या सहीवर त्याचा भरवसा नव्हता.

पहिल्या सुट्टीच्या आठवड्यात आई गावी गेली आणि येताना फ्रिजखालचा प्रबंध पिशवीत घालून घेऊन आली. “त्या दीड पानाला खूण कर,” म्हणाली. इंग्रजीतलं तिला एक अक्षर वाचता येत नाही. मी खुणेचा कागद घातला.

महिन्यातून एकदा रक्त द्यायला दवाखान्यात जावं लागे. बाकांवर बायका ओळीने बसलेल्या असत. दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला आईच्या शेजारी तिसगावच्या एक बाई बसल्या होत्या. आईच्याच वयाच्या, डोक्यावर पदर, हातात फायलीची पिशवी. त्यांनी गोळी बारा दिवस घेऊन बंद केली होती. “रगत कमी करती म्हनं ती,” त्या आईला म्हणाल्या. “औशदानंच रगत कमी व्हाया लागलं तर घ्यावं कशाला?”

मी सांगायला तोंड उघडलं. आईने हाताने थांबवलं.

“रगत कमी करत न्हाई ताई. थांबवती. थांबवनं येगळं, मारनं येगळं. तुमच्या गाठीतल्या पेशीला दोन व्हायचं तर सामान लागतं का न्हाई?”

“लागतंय की.”

“त्या सामानाचा हुकूम सोडनारा एक हाय. त्याला आरबीनं धरून ठिवलाय.”

“आर. बी. कंच्या गावचे?” बाईंनी विचारलं.

“आपल्या आतला हाय त्यो.”

“हां हां. मला वाटलं साखर कारखान्यावरले.”

आईने सगळं सांगितलं. सीडीकेला ती ‘शिडीके’ म्हणत होती, पण क्रम कुठे चुकला नाही. पांढऱ्या पेशी का थांबतात, सात दिवसांत त्या कशा चालू होतात, मनाने गोळी बंद केली तर गाठीतल्या पेशीही तशाच चालू होतात, हे सगळं आलं. समोरच्या बाकावरच्या दोघी उठून जवळ आल्या. आई एका ठिकाणी म्हणाली, की पेशीची वाटणी चालू असते तेव्हा ही सगळी जनुकं जोरात असतात. मला राहवलं नाही. “नाही आई, तेव्हा जवळजवळ सगळी बंद असतात. डीएनए इतका गच्च गुंडाळलेला असतो की नक्कल उतरवायला जागाच नसते.”

“बरुबर,” आई बायकांना म्हणाली. “बांधाबांध झाल्यावर कोन वही उघडतंय?”

डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, राग मानू नका. तुमच्यापेक्षा आईंचं लोकांना लवकर कळतं.” मी राग मानला नाही असं म्हणाले. गाडीत बसेपर्यंत मानला होता. तिसगावच्या बाई मात्र त्या दिवशी आत जाऊन, गोळी मनाने बंद केली होती हे स्वतःहून सांगून आल्या आणि आईचा नंबर घेऊन गेल्या.

त्याच दिवशी मला बारा वाजता तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर तास होता. आईला केडगावला सोडून परत यायला वेळ नव्हता, म्हणून तिला वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं. विषय पेशीचक्राचाच होता. पोरं नेहमीप्रमाणे फळ्यावरचं उतरवत होती. मी वाटणीच्या वेळी जनुकं गप्प होतात इथवर आले आणि मागून आवाज आला.

“मंग वाटनी झाल्यावर त्या दोघींला कसं कळतं, आपुन कोन हुतो?”

पोरांनी माना वळवल्या. मी विचारलं, म्हणजे?

“म्हंजे लिवरातली पेशी हुती. तिच्या दोन झाल्या. मधी सगळं बंद पडलं हुतं. मंग कंची जनुकं परत चालू करायची हे त्यांला कोन सांगतं? त्या कातडीच्या का हुत नाहीत?”

चौदा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खडू खाली ठेवला आणि खरं ते सांगितलं, की हे अजून पुरतं कळलेलं नाही. काही प्रथिनं त्या गुंडाळलेल्या डीएनएवरसुद्धा ठरावीक जागी चिकटून राहतात, पानात खूण ठेवावी तशी. त्यांच्यामुळे कळत असावं. जगभर लोक यावर काम करत आहेत.

“तू केलं न्हाईस?” आईने विचारलं.

“नाही.”

“करायचं की मंग,” ती म्हणाली. पोरं हसली, पण त्या दिवशी तास संपल्यावर पाचजणं टेबलाशी आली. तोवर दर वर्षी हजेरीसाठीच यायची.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. पांढऱ्या पेशी फारच कमी निघाल्या होत्या. गोळी अजून एक आठवडा सुरू करायची नव्हती. मी घाबरले. आई संतापली. तिसगावच्या बाईंचं रक्त ठीक निघाल्याचं तिला फोनवर कळलं होतं; तिला वाटलं, आपण नापास झालो. “शेजारची तिसगावची पास, आन् मी न्हाई?” मी तिला सांगितलं, की असं पुष्कळांचं होतं, पेशींना जरा जास्त वेळ लागतोय, एवढंच. ती आठवडाभर माझ्याशी कमी आणि पेशींशी जास्त बोलली. आंघोळीच्या वेळी दाराबाहेर ऐकू यायचं, “उठा आता. लई झालं.” पुढच्या सोमवारी आकडा वर आला. तिने ते आपल्याच बोलण्याचं यश मानलं. डॉक्टरीणबाईंनी गोळीची ताकद जरा कमी करून दिली. तोही तिने अपमानच समजला.

सहा महिन्यांनी स्कॅन झाला. हाडांतले डाग वाढले नव्हते आणि काखेतली गाठ निम्म्यावर आली होती. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, छान आहे, असंच चालू ठेवायचं. मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. आईने पदराने माझं तोंड पुसलं आणि विचारलं, “निम्मीच का?” मी म्हणाले, थांबली हेच मोठं आहे. “त्ये मी लोकांला सांगायचं,” ती म्हणाली. “मला तू पुरी जाईल आसं सांगायचं.” मी तसं सांगितलं नाही. सांगता आलं नाही. तिनेही पुन्हा मागितलं नाही. खाली उतरून आम्ही उसाचा रस प्यायलो आणि तिने त्यात दोन लिंबं पिळायला लावली.

त्याला आता दोन वर्षं होतील. गोळी चालू आहे. आई गावीच असते, रक्तापुरती केडगावला येते. रोज सकाळी नाश्ता झाला, की तिसगावहून फोन येतो किंवा गावाहून जातो. दोघी फोन स्पीकरवर टाकतात, पाण्याचे तांबे जवळ घेतात आणि एकदम गोळी घेतात, सुट्टीच्या आठवड्यात नुसती हार्मोनची.

“गेली का?”

“गेली. तुमची?”

“ह्ये काय, गेली.”

नंतर अर्धा-पाऊण तास सुनांचा विषय चालतो. तिसगावच्या बाईंची सून चांगली आहे आणि आमची वहिनीही चांगली आहे, त्यामुळे त्यांना बोलायला पुष्कळ खोदावं लागतं. परवा मी गावी होते तेव्हा आईने फोन माझ्या हातात दिला. तिसगावच्या बाईंना काही विचारायचं होतं.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “त्या खुणेच्या प्रथिनांचं कळलं का कुनाला काय?”

मी म्हणाले, अजून नाही, पण वाचत असते मी.

“वाचा वाचा,” त्या म्हणाल्या. “कळलं की फोन करा. आमी दोघी हाय इथंच.”